खाली पाच हजार लिटर, वर कोरडा नळ

पूर्व उपनगरातला महापालिकेचा एक दवाखाना. तळमजल्यावर दोन डॉक्टरांच्या केबिन, ड्रेसिंगची खोली, लसीकरणाची खोली आणि औषधांची खिडकी. शौचालयं दोन, एक कर्मचाऱ्यांचं आणि एक रुग्णांचं. ड्रेसिंगच्या खोलीतल्या बेसिनमध्ये केसपेपरचे गठ्ठे रचून ठेवलेले आणि गठ्ठे खडखडीत कोरडे. या प्रकरणाची सुरुवात तिथूनच करायची, कारण ज्या बेसिनमध्ये कागद भिजत नाहीत तिथं कुणी हात धूत नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट केलेली बरी. हा दवाखाना एका पत्त्यावर सापडणार नाही. मुंबईतल्या अशा छोट्या सरकारी आरोग्य केंद्रांत जे पुन्हापुन्हा आढळतं, ते इथं एका छपराखाली आणलं आहे. माणसं, लिटर आणि अंतरं हिशेब समजावा म्हणून ठरवली आहेत. मानकं आणि मात्रा मात्र खऱ्या आहेत, जशाच्या तशा वापरता येतील.

दवाखान्याची वेळ नऊ ते चार. रोजची ओपीडी साधारण १६०, कर्मचारी १४, ड्रेसिंग पंधरा-वीस, आठवड्यातून दोन दिवस लसीकरण. तक्रार एकच आणि बरीच जुनी: 'दुपारी पाणी नसतं.'

तक्रार कुठं अडकते

वरिष्ठांकडे जाणाऱ्या पत्रात ठरलेलं वाक्य असतं: 'दवाखान्यात पाण्याची टंचाई असून रुग्णांची गैरसोय होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' 'टंचाई' हा शब्द वाचला की पत्र वॉर्डातल्या जलकामे विभागाकडे जातं. तिथला माणूस पाण्याच्या वेळेला, म्हणजे पहाटे, जोडणीपाशी येऊन दाब बघतो. दाब ठीक असतो. 'पुरवठा सुरळीत आहे' असा शेरा मारून फाइल बंद होते. चार महिन्यांनी तेच पत्र, नवीन तारीख टाकून, पुन्हा निघतं.

शेरा खोटा नाही आणि तक्रारही खोटी नाही. मुंबईला भातसा, तानसा, मोडक सागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार व तुळशी अशा सात तलावांचं पाणी भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होऊन येतं, पण बहुतेक वस्त्यांत ते ठरलेल्या वेळेतच सोडलं जातं. या दवाखान्याची वेळ पहाटे साडेचार ते साडेसहा. त्या दोन तासांत जमिनीखालची ५,००० लिटरची सक्शन टाकी भरते. पाणी मीटरपर्यंत येतं, टाकीतही येतं. अडतं ते टाकीच्या पुढं, आणि इमारतीच्या आतली ती लाइन जलकामे विभागाची नसते, ती देखभाल-दुरुस्ती बघणाऱ्या परिरक्षण विभागाकडे येते. चुकीच्या टेबलावर गेलेल्या पत्राला बरोबर उत्तर मिळत राहतं, एवढीच या टंचाईची गंमत.

हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या मानकांत बाह्यरुग्णामागे ५ लिटर पाणी धरलं आहे. १६० रुग्णांचे ८०० लिटर. कर्मचाऱ्यामागे दिवसाला ४५ लिटर धरले तर १४ जणांचे ६३०. रुग्णांच्या शौचालयाला ५०० आणि फरशी, ड्रेसिंग, उपकरणं धुणं यांना ३०० धरा. एकूण झाले २,२३० लिटर.

सक्शन टाकीत ५,००० लिटर आहेत, म्हणजे दोन दिवसांची बेगमी. गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी २,००० लिटरची. कागदावर टंचाई कुठंच दिसत नाही. तरी साडेबाराला नळ फुसफुसतो.

ही कोंडी टाकीच्या आकड्यावरून सुटत नाही, मोटरचं बटण कोण कधी दाबतं हे बघावं लागतं. बटण जुन्या रेकॉर्डच्या खोलीत. खोलीला कुलूप, चावी शिपाईमामांकडं. मामा साडेनऊला येतात, मोटर लावतात आणि पाऊण तासानं घड्याळ बघून बंद करतात. टाकी भरून वाहेपर्यंत ते थांबत नाहीत, कारण ओव्हरफ्लोचं पाणी शेजारच्या चाळीच्या पत्र्यावर पडतं आणि त्यावरून दोनदा भांडण झालेलं आहे. त्यामुळे टाकी तीन-चतुर्थांशच भरते, म्हणजे १,५०० लिटर. त्यात बाहेर जाणारा नळ तळापासून तीन इंच वर बसवलेला, तेव्हा खालचे शंभरेक लिटर कधी वापरातच येत नाहीत. हाताशी उरले १,४००. सकाळची फरशी, गर्दीची ओपीडी आणि शौचालयं यांत ते दुपारपर्यंत संपतात. बारा वाजता मामा डाक घेऊन आणि औषधांची मागणी घेऊन बाहेर पडलेले असतात.

'मावशी, मोटर लावा ना.'
'चावी मामांकडं हाय सिस्टर, आन् मामा गेलेत डेपोत.'

पायाखाली तीन हजारांहून अधिक लिटर पाणी असताना ड्रेसिंगच्या खोलीत बिसलेरीच्या बाटलीनं हात ओले केले जातात. टाकी, मोटर, पाइप यांपैकी एकही वस्तू कमी नाही. वर टाकी रिकामी होतेय हे कळण्याची आणि त्यावर बटण दाबलं जाण्याची सोय तेवढी कुणी केलेली नाही.

शिवाय एक छुपी गळती. ती शोधायला मीटर लागत नाही. चार वाजता सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूनं खूण करायची आणि सकाळी नऊला, मोटर लावण्याआधी, पुन्हा बघायचं. टाकीचा व्यास १.३६ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १.४५ चौरस मीटर. पातळी २० सेंटिमीटर उतरली तर २९० लिटर गेले. सतरा तासांत २९०, म्हणजे तासाला १७ आणि दिवसाला चारशेच्या घरात. फरशी कुठं ओली नसेल तर संशय फ्लशच्या टाकीवर. फ्लशमध्ये चमचाभर हळद कालवून वीस मिनिटं कुणाला वापरू द्यायचं नाही. भांड्यात पिवळी धार उतरली की तळाचं रबरी वॉशर गेलं आहे. तिथं खर्चाचा मुद्दाच नाही. ते कुणाच्या यादीत नसतं, म्हणून वर्षानुवर्षं गळतं.

उपाय सांगायला सोपा आहे, बसवायला थोडा जिकिरीचा. स्वयंचलित पातळी नियंत्रक घ्यायचा. वरच्या टाकीत दोन फ्लोट: वरचा ओव्हरफ्लोच्या तोंडापासून १० सेंटिमीटर खाली, खालचा एक-तृतीयांश पातळीवर. पाणी खालच्या फ्लोटपर्यंत उतरलं की मोटर चालू, वरच्यापर्यंत चढलं की बंद. तिसरा फ्लोट सक्शन टाकीत, म्हणजे खाली पाणी नसताना मोटर कोरडी फिरून जळणार नाही. या तिसऱ्या फ्लोटवर पैसे वाचवण्याचा मोह होतो. ज्या दिवशी पहाटे पाणी येत नाही त्या दिवशी मोटर जळते आणि मग सगळा दोष 'ऑटोमॅटिक'वर येतो. सळयांचे सेन्सर स्वस्त मिळतात पण त्यांवर क्षार बसतात, म्हणून फ्लोटचेच घ्यावेत आणि दोन फ्लोटच्या वायरी एकमेकींत गुंतणार नाहीत एवढ्या अंतरावर बांधाव्यात. सोबत अर्थ लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, हवाच. हातानं चालवायचं बटण ठेवायचं, पण कुलपाबाहेर, ड्रेसिंगच्या खोलीजवळच्या पॅसेजमध्ये. ओव्हरफ्लोच्या पाइपाला एक बेंड आणि दोन मीटर तुकडा लावून तोंड स्वतःच्या आवारात वळवायचं. चाळीशी भांडण मिटतं आणि टाकी काठोकाठ भरायला कुणाची हरकत उरत नाही.

आणि पत्र असं लिहायचं: 'सक्शन टाकीत पाणी असते. वरची टाकी दुपारी १२.३० ला रिकामी होते. पातळी नियंत्रक, फ्लशचे वॉशर व ओव्हरफ्लोचा पाइप बदलून मिळावा.' पत्ता परिरक्षण विभागाचा. 'योग्य ती कार्यवाही' हे शब्द टाळावेत, कारण योग्य काय ते दुसऱ्यावर सोडलं की तो ते स्वतःच्या सोयीनं ठरवतो.

पाणी आलं, पण कसलं

आता चार ठिकाणी क्लोरीन मोजायचं: पाण्याच्या वेळेत जोडणीच्या नळावर, सक्शन टाकीत, गच्चीवरच्या टाकीत आणि सर्वांत लांबच्या नळावर. आयएस १०५०० या मानकानुसार वापराच्या टोकाला मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं आणि १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय अजिबात नको. ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टमध्ये पहिल्या दहा सेकंदांत जो पिवळा रंग येतो तोच मुक्त क्लोरीनचा. उशिरानं गडद होत जाणारा रंग वाचायचा नाही. डीपीडी गोळीचा गुलाबी रंग जास्त भरवशाचा, शक्य असेल तर तीच मागवावी.

या दवाखान्यात आढळणारं चित्र असं: जोडणीला ०.५, सक्शन टाकीत ०.२, गच्चीवर शून्य, ड्रेसिंगच्या नळावर शून्य. शहरानं शुद्ध करून दिलेलं पाणी इमारतीत शिरल्यावर उघडं पडतं. कारणं तीन.

एक, सर्व्हिस लाइन. रस्त्यावरून आत येणारा जीआय पाइप गटाराच्या पोटातून जातो आणि तिथं गंजलेला असतो. पाणी सुरू असताना दाबामुळे ते बाहेर गळतं. पाणी बंद झालं की पाइपात पोकळी तयार होते आणि गटारातलं पाणी त्याच भोकातून आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशीची पहिली दोन-तीन मिनिटं ते सगळं टाकीत. आजूबाजूला कुणी थेट लाइनला मोटर लावत असेल तर ओढ आणखी वाढते. गटारातला पाइप वर उचलून भिंतीच्या कडेनं नेणं हाच खरा इलाज.

दोन, सक्शन टाकीचं झाकण. ते अंगणाच्या पातळीला असतं. फरशी धुतलेलं पाणी, पावसाचं पाणी आणि चपलांची माती असं सगळं फटीतून आत. झाकणाभोवती किमान दीड फुटाचा कठडा बांधून वर घट्ट बसणारं, बाहेरच्या बाजूला दुमडलेलं झाकण हवं.

तीन, गच्चीवरची टाकी. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी गरम होतं, क्लोरीन उडून जातं आणि भिंतींना शेवाळ धरतं. झाकण उडालेलं असेल तर डासांचीही सोय होते. मुंबईत मलेरियाचा वाहक ॲनोफिलिस स्टीफन्सी अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून कीटकनाशक विभागाची माणसं गच्चीवर चढून टाक्या बघतात, झाकण आणि शिडी नसली तर नोटीस देतात. तापाच्या रुग्णांचं रक्त तपासणाऱ्या दवाखान्याच्याच डोक्यावर डासांची पैदास असणं ही शोभेची गोष्ट नाही.

शून्य दिसलं की दवाखान्यात पहिली सूचना येते ती रोज टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकण्याची. हे घाईचं आहे. गटार आत येत असताना पावडर टाकत राहणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. पाइप आणि झाकण आधी, मग टाकी धुणं, आणि त्यानंतरही टोकाच्या नळावर ०.२ मिळत नसेल तरच मात्रा.

टाकी धुण्यासाठी रविवार ठरवायचा. शनिवारी वापरून पाणी कमीत कमी करायचं. मोटरचा मेन स्विच काढून त्यावर 'काम चालू' अशी पाटी. झाकण तासभर उघडं ठेवून मगच माणूस आत उतरवायचा, कमरेला दोर आणि वर एक माणूस सतत हजर. आत बॅटरीचा दिवा, वायरवाला नाही. तळाचा गाळ बादलीनं काढायचा, भिंती प्लॅस्टिकच्या ब्रशनं घासायच्या, साबण किंवा ॲसिड वापरायचं नाही. टीसीएल पावडर घेऊन आत उतरायचं नाही. बंद जागेत तिचा वास गुदमरवतो.

मग जास्त मात्रेचं क्लोरीन. भरलेल्या टाकीत लिटरमागे ५० मिलिग्रॅम धरायचं. ५,००० लिटरना २५० ग्रॅम क्लोरीन लागतं. ३० टक्के ताकदीची ताजी पावडर असेल तर ती सुमारे ८३० ग्रॅम, जुनी होऊन २० टक्क्यांवर आलेली असेल तर सव्वा किलो. उघड्या गोणीतल्या पावडरीची ताकद दमट हवेत भराभर उतरते, आणि मुंबईत दमट नसलेली हवा आणायची कुठून? म्हणून छोटी सीलबंद पाकिटंच घ्यावीत. पावडर आधी प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगद्यासारखी कालवायची, मग बादली भरून अर्धा तास ठेवायची आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. खाली बसलेला चुना टाकीत गेला तर फूट व्हॉल्व्ह आणि नळांच्या जाळ्या बुजतात. नेमकी हीच चूक सर्वाधिक होते. टाकी भरली की मोटर लावून ते पाणी वरच्या टाकीत चढवायचं आणि प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करायचा. बारा तास तसंच. सोमवारी पहाटे, नळाला पाणी येण्याआधी, ते मलनिस्सारणाच्या लाइनमध्ये सोडून द्यायचं, झाडांना नाही. शनिवार-रविवारच्या मध्यरात्री हे सुरू करता येत नाही म्हणून रविवारी दुपारपर्यंत टाकी भरलेली हवी, त्यासाठी पहाटेचं पाणी दुसऱ्या टाकीत किंवा पिंपात धरावं लागतं, नाहीतर टँकर. सोमवारच्या पहाटे टाकी रिकामी ठेवली की नवं पाणी आपोआप भरतं. हे वेळापत्रक आधी जुळवलं नाही तर सोमवारी ओपीडी कोरडी जाते आणि पुन्हा कुणी टाकी धुवायला तयार होत नाही.

नंतरची रोजची मात्रा लागलीच तर ५,००० लिटरमध्ये लिटरमागे १ मिलिग्रॅम वाढवायला ५ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३० टक्क्यांची १७ ग्रॅम पावडर. अर्ध्या तासानं टोकाच्या नळावर तपासून कमी-जास्त करायची. पिण्याच्या पाण्यासाठी वेगळं, झाकणाचं आणि तोटीचं पिंप ठेवायचं. ग्लास बुडवायची सोय राहता कामा नये.

हात

पाणी दिवसभर आलं म्हणून हात धुतले जातील, हा भाबडा समज आहे. बेसिन कुठं आहे ते पायांनी मोजायचं. लसीकरणाच्या टेबलापासून बेसिन नऊ पावलं, मध्ये एक दार आणि दारात मुलं घेऊन बसलेल्या बाया. दिवसाला साठ-सत्तर बाळं. प्रत्येक बाळाआधी सिस्टरनं जाऊन यायचं तर लसीकरण रात्रीपर्यंत चालेल. सिस्टर जात नाहीत, आणि त्यात आळस नाही, आखणीची चूक आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या निकषांतही हातांच्या स्वच्छतेची सोय उपचाराच्या जागीच हवी, आणि शौचालयापासून पाच मीटरच्या आत साबण-पाणी हवं, असं म्हटलं आहे.

टेबलावर अल्कोहोलचं हँड रब ठेवणं हे उत्तर. बाटली डाव्या हाताला, लसीच्या कॅरियरच्या अलीकडे. उजवीकडे सिरिंजा आणि वापरलेली सुई कापायचा हब कटर असतात, तिथं बाटली अडगळ होते आणि तासाभरात खाली जाते. रब २० ते ३० सेकंद, हात आपोआप वाळेपर्यंत. हात दिसण्याइतके मळलेले असतील, रक्त लागलेलं असेल किंवा जुलाबाचा रुग्ण हाताळला असेल तर रब चालत नाही, साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद.

खरंच वापर होतो का, हे निरीक्षक उभा करून कळत नाही. कुणी बघतंय म्हटलं की सगळेच हात धुतात. मागणीपत्रक बघावं. एका वेळेला ३ मिलिलिटर धरले तर ५०० मिलिलिटरची बाटली १६६ वेळा पुरते. १६० रुग्णांना डॉक्टरांनी प्रत्येकी एकदा हात चोळले तर रोज जवळपास एक बाटली संपायला हवी, महिन्याच्या २५ दिवसांत २५ बाटल्यांच्या आसपास. मागणीपत्रकावर चार आहेत. चार बाटल्या म्हणजे ६६६ वेळा, चार हजार रुग्णांत. सहा रुग्णांमागे एकदा, तेही सगळ्यांनी मिळून. पोस्टरवरची हात स्वच्छ करण्याच्या पाच क्षणांची चित्रं कितीही रंगीत असली तरी हा आकडा बदलत नाही. चारच्या चोवीस बाटल्या मंजूर होणं हे स्टोअरचं काम आहे, आणि तिथं 'एवढ्या कशाला?' या प्रश्नाला वरचा हिशेब जोडून द्यायचा. बाटल्यांचा साठा ऑटोक्लेव्हच्या आणि स्विचबोर्डाच्या खोलीत करू नये, अल्कोहोल पेटतं.

बेसिनपाशी तीन छोट्या गोष्टी. कोपरानं उघडणारा नळ, कारण घाणेरड्या हातानं उघडलेला नळ स्वच्छ हातानंच बंद करावा लागतो. साबणवडी जाळीच्या डबीत, नाहीतर ती पाण्यात बसून लगदा होते. द्रवसाबण असेल तर बाटली रिकामी झाल्यावर धुऊन, वाळवून मगच भरायची. उरलेल्यात वरून ओतत राहिलं की त्या साबणातच जंतू वाढतात. आणि खुंटीवरचा तो एकच सामाईक नॅपकिन काढून टाकायचा. त्यापेक्षा हात हवेत वाळलेले परवडले.

शौचालयाची चावी

रुग्णांचं शौचालय कुलुपात, चावी लाकडाच्या ठोकळ्याला बांधून औषधांच्या खिडकीत. गरोदर बाई लघवीच्या तपासणीला आली की तिनं रांगेसमोर चावी मागायची. बऱ्याच जणी मागत नाहीत, 'घरून आणते' म्हणतात आणि नमुना येत नाही. त्या नमुन्यावर प्रथिनं तपासायची असतात, रक्तदाब वाढलेल्या गरोदरपणातल्या धोक्याची ती एक महत्त्वाची खूण.

कुलूप लावणाऱ्यांचंही ऐकलं पाहिजे. साडेबारानंतर पाणी नाही, सफाई कामगार सकाळी दहानंतर नाही, बाहेरची माणसं येऊन घाण करून जातात, आणि उत्तर मावशींना द्यावं लागतं. पाणी दिवसभर मिळू लागलं की कुलपाचं अर्धं कारण संपतं. उरलेलं अर्धं दुपारी एकच्या दुसऱ्या सफाई फेरीनं. आत हवी ती सामग्री फार नाही: आतून लागणारी कडी, दिवा, झाकणाची कचरापेटी, पर्स अडकवायला खुंटी आणि नमुन्याची बाटली टेकवायला ओंजळीएवढी फळी. फळी नसेल तर एका हातात बाटली, एका हातात पदर आणि कडी लावायला तिसरा हात, अशी त्या बाईची गत होते.

पावसाळ्यात वेगळीच अडचण. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की सखल भागातली मलनिस्सारणाची लाइन तुंबते आणि मैला भांड्यातून उलटा वर येतो. बाहेरच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवता येतो, पण त्याच्या झडपेत कपडा किंवा पॅड अडकलं की तो उघडाच राहतो, म्हणून मे महिन्यात चेंबर उघडून झडप हातानं हलवून बघायची. पाणी आवारात शिरून सक्शन टाकी बुडाली तर त्या टाकीतला थेंबही वापरायचा नाही. उपसा, गाळ, जास्त मात्रेचं क्लोरीन, सगळं पुन्हा.

कचरा आणि पोछा

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम दवाखान्यांना बऱ्यापैकी पाठ आहेत. पिवळी, लाल पिशवी, सुयांचा पांढरा न टोचणारा डबा, काचेसाठी निळा खोका, प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून जास्त ठेवायचा नाही. चुकतं ते तिथं, जिथं सुट्ट्या जोडून येतात. गाडी दोन दिवस आली नाही तर कुणाला फोन करायचा ते भिंतीवर लिहिलेलं असावं. सुयांचा डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद.

पोछ्याचं मात्र सांगायला हवं. एकच पोछा शौचालयातून ड्रेसिंगच्या खोलीत जातो. काठीला रंगीत चिकटपट्टी लावून दोन वेगळे करायचे, आणि क्रम नेहमी ड्रेसिंगकडून शौचालयाकडे. बाजारातलं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी चार भाग मिसळलं की १ टक्का, पाणी नऊ भाग घेतलं की अर्धा टक्का. रोज ताजं करायचं, कालचं उरलेलं ओतून द्यायचं. आणि शौचालयात ॲसिड टाकल्यावर त्यावर हायपो कधीही ओतायचं नाही, क्लोरीनचा वायू सुटतो. 'दोन्ही टाकलं की लख्ख होतं' असं सांगणारे प्रत्येक इमारतीत भेटतात.

तीन महिन्यांनंतरची वही

जागतिक निकषाप्रमाणे हा दवाखाना पहिल्या दिवशीही 'मूलभूत' पाणीसेवेत बसत होता: सुधारित स्रोत, आवारातच, आणि पाहणी सकाळी दहाला झाली तर नळाला पाणीही. म्हणून वॉश-फिटसारखी, म्हणजे आरोग्य केंद्रातलं पाणी आणि स्वच्छता तपासून सुधारण्याची, पद्धत वापरताना पाहणी दुपारी दीडला करायची. त्या पद्धतीतली सात क्षेत्रं, जोखमीचे गुण, सुधारणेचा तक्ता हे सगळं उपयोगाचं आहे, पण चौदा जणांच्या कर्मचारीवर्गाला एका बैठकीत झेपतं ते पाच-सहा कामांचं पान. कुणी, कधीपर्यंत, कुठल्या विभागाकडून. बैठकीत मावशी आणि मामा असायलाच हवेत. चावी कुणाकडं असते ते डॉक्टरांना माहीत नव्हतं.

बेसिनशेजारी एक वही टांगलेली: तारीख, क्लोरीन, दुपारी दीडला नळ चालू की बंद, साबण आहे की नाही. पहिला महिना आकडे ०.३, ०.२, ०, ०.४ असे वरखाली होत राहतात, तेव्हा वही खरी असते. तिसऱ्या महिन्यात रोज ०.५ दिसू लागतं, एकाच पेनानं, एकाच वळणानं. त्यात २६ जानेवारीलाही ०.५. त्या दिवशी दवाखाना बंद होता. विचारल्यावर कळतं की क्लोरीन तपासायच्या डीपीडी गोळ्या तीन आठवड्यांपूर्वीच संपल्या, पण 'रकाना रिकामा ठेवला तर मेमो येतो'.

मेमो बंद करून वहीत एक नवा रकाना आखला आहे: 'शिल्लक गोळ्या'. वीसच्या खाली गेल्या की फार्मसिस्टनं मागणी टाकायची. आणि 'तपासले नाही' असं लिहायला परवानगी आहे. रुग्णांच्या शौचालयाचं दार मात्र अजून साठ सेंटिमीटरचंच आहे. व्हीलचेअरला नव्वद लागतात, पण भिंत भार घेणारी आहे, ती परिरक्षण विभागाच्या नुसत्या वर्क ऑर्डरवर हलत नाही. स्ट्रक्चरल सल्लागाराच्या अहवालासाठी वेगळं पत्र गेलं आहे, त्यात 'टंचाई' हा शब्द नाही.